ऑर्किडची हवाई मुळं : सात महिन्यांच्या नोंदी, चुकांसकट

४ फेब्रुवारी

झाड फॅलेनॉप्सिस, पांढऱ्या फुलांचं. पानं पाच. कुंडी १२ सेंमीची, ती एका चिनी मातीच्या शोभेच्या कुंडीत ठेवलेली. जागा पूर्वेच्या खिडकीची. कुंडीबाहेर लोंबणारी हवाई मुळं आज मोजली, नऊ भरली.

गेल्या महिन्यात बारा होती. तीन मीच कापली. ताई आली होती, ती बघून म्हणाली, “ही काय गांडुळं सोडलीयस खिडकीत?” दुसऱ्या दिवशी मी कात्री घेतली. त्या तिघांतलं एक मूळ तर पेन्सिलीएवढं जाड, कडक, पाण्याने भरलेलं होतं. तीन आठवड्यांत सगळ्यात खालचं पान लोळागोळा झालं. झाडाला तहान लागलेली असताना त्याचा एक पेला मीच फोडला होता, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

म्हणून ही वही. प्रत्येक मुळाला बुंध्याशी सैल दोरा आणि कागदाचा नंबर:

मु. १ : २२ सेंमी, जाड, शेंडा हिरवा, वाढतंय.
मु. २ : १८ सेंमी, शेंडा हिरवा, कुंडीकडे पाठ करून वर निघालंय.
मु. ३ : ९ सेंमी, नवीन, शेंडा लालसर.
मु. ४, ५ : सुरकुतलेली, बारीक, शेंडे झाकलेले.
मु. ६, ७ : जाड, रुपेरी, शेंडे झाकलेले, म्हणजे वाढ थांबलेली.
मु. ८ : शेवटचे ५ सेंमी चपटे आणि सुकलेले, बुंध्याकडे कडक.
मु. ९ : दोन पानांत चेपलेलं, तपकिरी. जिवंत की मेलेलं, कळत नाही.

शेंडा झाकलेला म्हणजे मूळ मेलं असं नाही. वाढ थांबली की हिरव्या टोकावरही पांढुरकं आवरण येतं. हे मला कापायच्या आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

७ फेब्रुवारी

सकाळ-संध्याकाळ फवारा सुरू केला. सगळे हेच सांगतात. फवारलं की मूळ डोळ्यांदेखत रुपेरीचं हिरवं होतं, आणि ते बघायला फार छान वाटतं. घड्याळ लावलं तेव्हा वीस मिनिटांत परत रुपेरी.

१९ फेब्रुवारी

बारा दिवसांचा फवारा. मु. ४ आणि ५ जशीच्या तशी सुरकुतलेली. मु. ८ तर थोडं आणखी चपटं झालंय.

आज सकाळी मधल्या पानाच्या बेचक्यात पाणी साचलेलं दिसलं, साधारण अर्धा चमचा. संध्याकाळच्या फवाऱ्याचं, रात्रभर तसंच राहिलेलं. फॅलेनॉप्सिसला वाढीचा शेंडा एकच, तो याच बेचक्यात, आणि तिथे पाणी राहून कूज लागली की झाडाची वरची वाढ कायमची संपते. टिश्यूपेपरची वात करून पाणी टिपून घेतलं. बेचकं घट्ट आहे, वास नाही. सुटले.

फवारा बंद. मुळांच्या बाहेरचं ते स्पंजासारखं आवरण, वेलामेन, मेलेल्या पेशींचं असतं. ते पाणी शोषून धरतं आणि आतल्या जिवंत भागाला ते हळूहळू मिळतं. वीस मिनिटांत उडून जाणारा फवारा आतपर्यंत किती पोचत असेल? रंग बदलला म्हणजे मूळ पाणी प्यायलं असं मी धरून चालले होते.

२६ फेब्रुवारी

आता दुसरं टोक. स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळकं शेवाळ) भिजवून पिळलं, मु. ४ आणि ५ भोवती गुंडाळलं, वरून स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म, दोन्हीकडे दोरा. मनात हिशेब असा की ओल उडायलाच नको.

९ मार्च

गुंडाळी सोडली. आधी वास आला, मग दिसलं. मु. ४ चं आवरण बोटाला चिकटून निघून आलं, आत नुसता दोऱ्यासारखा मधला धागा राहिला. ११ सेंमीचं मूळ गेलं, बुंध्याशी २ सेंमी खुंट उरला. मु. ५ च्या गुंडाळीला फिल्म नीट चिकटली नव्हती, बाजूने फट होती. ते अर्धं वाचलं. दोघांत फरक तेवढ्या फटीचाच.

हवेत वाढलेल्या मुळाला ओल चालते, कोंडलेली ओल चालत नाही. एवढं कळायला अकरा दिवस आणि एक मूळ लागलं.

कात्री ज्योतीवर तापवून, गार करून कापलं. मग कापल्या जागी दालचिनीची पूड लावली, बुरशी येऊ नये म्हणून. चिमटीतून सांडून ती शेजारच्या मु. ६ वरही पडली. झटकली नाही, म्हटलं असू दे, चांगलीच असते.

१३ मार्च

मु. ६ पूड पडलेल्या भागात सुरकुतलंय, बाकी मूळ टणक. दालचिनी पाणी ओढून घेते. पानाच्या किंवा दांड्याच्या जखमेवर ते उपयोगाचं, ओल धरण्यासाठीच बनलेल्या मुळावर नाही. मऊ ओल्या ब्रशने पूड काढली. उशीर झालाय असं दिसतं. यापुढे मुळाचा कट नुसता मोकळा सुकू देणार.

१५ मार्च

मु. २ कुंडीत वळवायला गेले. हिरवंगार, जोरात वाढणारं मूळ, ते कुंडीतच का असू नये म्हणून. कोरडंच वाकवलं. कोवळी काकडी मोडावी तसा कट्ट आवाज. ताई फोनवर होती, तिलाही ऐकू गेला.

बघितलं तर बाहेरचं आवरण आणि मांसल भाग आरपार चिरलाय, पण मधला धागा शाबूत आहे. कापायचा मोह आवरला. पाणी त्या धाग्यातूनच वर जातं, तो तुटला नसेल तर पुढचा भाग जगू शकतो. चीर कोरडी राहील अशी वर ठेवली. वाट बघायची.

मूळ वळवायचंच असेल तर आधी पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवा. भिजलं की ते लवतं. तरीही ते जेवढं वळेल तेवढंच वळवा.

२२ मार्च : मोठी नोंद

आजचे अडीच तास गेले. पण हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

पानं अजून मऊच. सहा आठवडे मी हवाई मुळांशी झटतेय. आज झाड पुसताना बुंधा हातात डुगडुगला. पाच पानांचं झाड कुंडीत असं हललं म्हणजे खाली त्याला धरून ठेवणारं काही नाही.

शोभेच्या कुंडीतून आतली कुंडी काढली. तळाशी बोटभर पाणी साचलेलं. झाड बाहेर काढायला जोर लावावाच लागला नाही. ऑर्किडच्या कुंडीत मातीऐवजी झाडाच्या सालीचे तुकडे असतात. वरचे जरा बरे होते, खाली सगळा काळा लगदा, सालीचं खत झालेलं. बुंध्याच्या खाली मुठीएवढा मॉसचा गोळा, रोपवाटिकेत लहान रोप लावताना घातलेला असावा. पिळला तर पाणी गळत होतं, आणि मी आठ दिवस पाणी घातलेलं नव्हतं. वरची साल कोरडी दिसते, मधला गोळा ओला राहतो. मी वरची साल बघून पाणी घालत आले.

खालची मुळं चौदा. तीन टणक. बाकीची दाबली की पोकळ, आवरण मोज्यासारखं निघून येणारं.

म्हणजे ती “गांडुळं” झाडाला तगवून होती, आणि मी त्यांतली तीन कापली, एक कुजवलं, एक वाळवलं, एक मोडलं. हवाई मुळं येणं या जातीला साहजिकच आहे, त्यात काळजीचं काही नाही. पण भरपूर हवाई मुळं, त्यासोबत मऊ पानं आणि डुगडुगणारा बुंधा असं एकत्र दिसलं तर फवारा शोधत बसू नका. आधी कुंडी उपसा.

केलं ते असं. मॉसचा गोळा चिमट्याने तुकड्या-तुकड्याने काढला, यातच तास गेला. पोकळ मुळं कापली. मेलेलं मूळ ओळखताना एक गफलत होते: मेलेलं आवरणही पाणी पिऊन फुगतं, त्यामुळे फुगलं म्हणजे जिवंत असं नाही. भिजल्यावर आतून हिरवं दिसलं आणि दाबल्यावर टणक लागलं तर ठेवायचं. या परीक्षेत मु. ८ चा बुंध्याकडचा भाग पास झाला, सुकलेलं टोक तसंच राहू दिलं. कापून झाडाला नवी जखम कशाला.

नवी कुंडी पारदर्शक प्लॅस्टिकची, बाजूंना भोकं पाडलेली, पहिल्याच मापाची. मोठी घ्यायचा मोह होतो, पण मुळं तीन आणि कुंडी मोठी म्हणजे मधली साल पुन्हा दिवसेंदिवस ओली. सालीचे तुकडे १ ते २ सेंमीचे, रात्रभर भिजवलेले. कोरडी साल पहिल्यांदा पाणी घेतच नाही, घातलेलं पाणी तसंच वाहून जातं.

मु. ५ आणि मु. ७ वीस मिनिटं भिजवून, आपणहून कुंडीत वळली तेवढी वळवली. बाकीची बाहेरच. हवेत वाढलेलं मूळ हवेला सरावलेलं असतं, ते ओल्या सालीत दडपलं की कुजण्याचीच शक्यता जास्त. कुंडीबाहेर राहणं हा त्यांचा दोष मानणं बंद.

शेवटी बुंध्याला काठी आणि क्लिप. झाड हललं की नव्या मुळांचे कोवळे शेंडे सालीवर घासून मरतात, त्यामुळे आधार हवाच. पाच दिवस पाणी नाही, कट सुकू देत.

२ एप्रिल

पाणी घालण्याची नवी पद्धत. कुंडी सिंकमध्ये. बारीक झारीने सालीवर आणि सगळ्या हवाई मुळांवरून पाणी, पण बेचक्यात थेंब नाही. पाच मिनिटं थांबायचं, परत एकदा. दुसऱ्या फेरीनंतर मुळं सगळीकडून सारखी गडद हिरवी होतात आणि दीड-दोन तास हिरवी राहतात. वीस मिनिटांशी तुलना करा. सकाळीच घालायचं, रात्रीपर्यंत पानांचे सांधे कोरडे व्हायला हवेत.

पुढचं पाणी कधी? कुंडीच्या भिंतीला टेकलेली मुळं रुपेरी झाली आणि आतल्या बाजूला दव दिसेनासं झालं की. सध्या सहा दिवस लागतायत. पारदर्शक कुंडीचा खरा फायदा हा.

आजचा मूर्खपणा: भिजलेल्या मुळांवर लहान लहान पांढऱ्या रेघा आणि ठिपके राहिलेले दिसले. बुरशी समजून मु. १ वर नखाने खरवडले. ती बुरशी नाही. आवरणातले ते भाग पाणी धरत नाहीत, मूळ ओलं असताना तिथून हवा आत जाते, म्हणून ते पांढरेच राहतात. खरवडलेल्या जागी आता तपकिरी डाग आहे.

१४ एप्रिल

आर्द्रतामापक आणला. खिडकीत ३४ टक्के. या झाडाला ५० ते ७० मानवतं.

खड्यांच्या ताटलीत पाणी ठेवून त्यावर कुंडी, हा उपाय दोन दिवस करून बघितला. ३४ चे ३६. ताटली उचलून ठेवली. मग दिवसभर मापक घेऊन खोलीत फिरले तेव्हा कळलं की एसीचा झोत भिंतीवर आपटून नेमका खिडकीत उतरतो. झाड खिडकीतच दीड मीटर कडेला, झोताबाहेर सरकवलं, तिथेच ४७. खर्च शून्य.

पण उजेड कमी झाला. पडदा काढून टाकला, थेट ऊन फक्त सकाळी सातच्या सुमारास तासभर. पानं तापत नाहीत, हात लावून बघते.

लहान ह्युमिडिफायर दुपारी चार तास. आता ५५ ते ६० दाखवतो. सोबत पंखा अगदी मंद, झाडाकडे तोंड न करता. साचलेली ओली हवा मॉसच्या गुंडाळीची आठवण करून देते.

३ मे

मु. ३ चा लालसर शेंडा पाऊण सेंमी लांब. मु. १ चालू आहे. मु. ७, जे फेब्रुवारीपासून झाकलेलं होतं, त्याच्या टोकाचं आवरण फुटून हिरवा ठिपका बाहेर आलाय! मापायला मुळावर शाई लावायची नव्हती म्हणून काठीला दोऱ्याची खूण बांधली. मु. ३ आठवड्याला ६ मिमी.

मु. २ च्या चिरेच्या पलीकडचा भाग अजून भिजवल्यावर हिरवा होतो. चिरेच्या कडा तपकिरी, कडक.

१७ मे

खूश होऊन खत घातलं, पाकिटावरच्या पूर्ण मापाने. सात दिवसांत मु. १ आणि ७ चे शेंडे काळे. मु. ३ वाचलं. ते वरच्या बाजूला असल्यामुळे त्याच्यावर खताचं पाणी गेलंच नव्हतं.

टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, घरात होताच. नळाचं पाणी ४१० पीपीएम, खत घालायच्या आधीच. आज साधं पाणी घालून कुंडीखालून निथळलेलं मोजलं, १३५०. हवाई मुळांवर तर पाणी उडतं आणि क्षार तिथेच बसतात. मुळांवर पांढरी पूड होती, तिला मी आवरणाचाच रंग समजत होते. वाढत्या शेंड्यावर वेलामेन नसतं, तो उघडाच असतो, त्यामुळे क्षाराचा पहिला तडाखा त्याला.

उपाय: आरओचं पाणी दोन भाग, नळाचं एक भाग. टीडीएस १५० च्या आसपास येतो. नुसतं आरओ नाही, कारण त्यात कॅल्शियम जवळपास नसतंच. या पाण्याने कुंडी लागोपाठ तीन वेळा धुतली, निथळ २९० वर आली. खत आता पाकिटावरच्या मापाच्या चौथाई, एकाआड एक पाण्याला, आणि मुळं आधी साध्या पाण्याने हिरवी झाल्यावरच. कोरड्या मुळावर खताचं पाणी परत कधी नाही.

८ जून

मु. १ चा काळा शेंडा वाळून गेला आणि त्याच्या मागे २ सेंमीवर दोन फाटे फुटले. एका शेंड्याचे दोन. मु. ७ नुसतं थांबलंय.

खालून दुसऱ्या पानाच्या बुडाशी सालासारखं आवरण फाडून नवीन मूळ येतंय, तांदळाच्या दाण्याएवढं. मु. १०. पानाचं बूड थोडं चिरलंय ते त्यामुळेच, त्याला हात लावलेला नाही.

खालचं मऊ पान पिवळं पडून गळालं. उरलेली चार पानं मात्र आता कडक आहेत, आणि मधून पाचवं येतंय.

२१ जून

पानाच्या सांध्यात कापसासारखे पांढरे पुंजके, पिठ्या ढेकूण. कापसाच्या काडीला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एकेक टिपला. मुळांच्या शेंड्यांना ते लागू दिलं नाही. दर चार दिवसांनी, तीन वेळा. संपले.

१२ जुलै

सगळ्यात जास्त चिडचिड झाली ती आजची. काच पुसायला कुंडी उचलली आणि टर्र्र. मु. ३ खिडकीच्या बाजूच्या लाकडी चौकटीला जाऊन चिकटलं होतं. कधी, मला कळलंच नाही. झाडावर वाढणारं हे मूळ खडबडीत काही मिळालं की धरणारच, त्यासाठीच ते असतं. ४ सेंमी आवरण चौकटीवर राहिलं, अजूनही आहे, काढवत नाही.

ओलं करून सोडवलं असतं तरी ते पूर्ण सुटलं नसतं. आता कुंडी एका जागी आणि चौकटीपासून वीतभर लांब. बुंध्याजवळ सालीचा उभा तुकडा खोचलाय, चिकटायचंच असेल तर त्याला चिकट म्हणावं. कुंडी फिरवणंही थांबवलं. उजेडाची बाजू बदलली की मुळं दिशा बदलतात आणि नको तिथे जातात.

२ ऑगस्ट

नवं पान बोटभर. मु. ११ फुटलंय, मु. १० च्या बरोबर समोर. मु. ५ सालीत शिरून कुंडीच्या भिंतीला टेकलंय, बाहेरून दिसतं, शेंडा हिरवा. अर्धं कुजलेलं मूळ इतकं करेल असं वाटलं नव्हतं.

मु. ६ गेलं. सुरकुतलेला पट्टा हळूहळू पूर्ण वाळला आणि त्याच्या पुढचं सगळं उपाशी मेलं. दालचिनी.

३० ऑगस्ट

हजेरी घेतली. मूळच्या नऊपैकी जिवंत सहा: १, २, ३, ५, ७, ८. गेली दोन: ४ आणि ६, दोन्ही माझ्या उपचाराने. दुर्लक्षामुळे हवाई मुळांपैकी एकही मेलं नाही, हे लिहिताना जरा हसू आलं. नवीन दोन, १० आणि ११. कुंडीत आता सात टणक मुळं दिसतात.

आठवड्याचं काम आता एवढंच: एकदा किंवा क्वचित दोनदा सिंकमध्ये पाणी, दहा मिनिटं. पहिल्या महिन्यात फवाऱ्याला रोज जायची तेवढीच दहा मिनिटं.

मु. ७ चा शेंडा परत झाकला गेलाय. मु. ३ सोललेल्या जागेच्या मागे फुगीर झालंय, फाटा येईल असं वाटतं.

मु. ९ चं अजून काही कळत नाही. तपकिरीच आहे. भिजवल्यावर एका बाजूला हिरवट झाक दिसते, किंवा मला ती दिसावीशी वाटते. दाबून बघणार होते, पण ते दोन पानांमध्ये आहे आणि पान उघडायला गेले तर दुसरंच काही मोडेल. नंबराचा कागद तसाच ठेवलाय.